आतलं कुंकू

“यंत्र कुठलंही येवो, आधी झाकण उघडून आत कुंकू लाव, मगच बटण दाब,” आमचे हे नेहमी सांगायचे.

ह्यांच्या आजारपणात बंद पडलेल्या आमच्या टॉकीजसाठी, हे गेल्यावर, मी जुना डिजिटल प्रोजेक्टर घेतला. सोमवारची पूजा आटोपून झाकण उघडलं, कुंकवाचं बोट टेकवलं. बटण दाबलं, तर पडदा काळाच.

इंजिनिअर हिरेमठ फोनवर हसले. “काकू, झाकण उघडलं की या यंत्राला वाटतं, चोर शिरला. ते स्वतःला कुलूप लावून घेतं. उद्या येऊन काढतो. पण आतलं कुंकू आजच पुसा. भिंगावर उडालं तर चित्र दिसणार नाही.”

मला काही उमजेना. लाव म्हणणारे हे, पुसा म्हणणारे ते; ऐकू कुणाचं? गेल्या वर्षी माझ्या कपाळावरचं बायकांनी पुसलं, तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. यंत्रातलं मात्र मलाच पुसायचं होतं.

पण दवाखान्यात ह्यांचा हात धरून मीच म्हटलं होतं, “आपला पडदा पुन्हा उजळेल.” देवांचं अंग पुसायचं मऊ फडकं घेतलं आणि प्रोजेक्टरच्या केबिनचा जिना चढू लागले.