अजेयची बॅटरी

अण्णांनी शेवटचा पॉलिश पेपर फिरवला, फुंकर मारून भुसा उडवला आणि लाकडाची ती डबी अजेयच्या मित्राच्या, स्वराजच्या हातात ठेवली.

"ही बघ. अजेयने अर्धवट टाकलेली बॅटरी. पूर्ण केली मी. आता फक्त वरचा बल्ब राहिलाय. नेरळमधली सगळी दुकानं पालथी घातली, पण या आट्यांत बसेल असा बल्बच नाही कुणाकडे."

स्वराजने डबी उलटसुलट करून पाहिली. तळहातात मावेल एवढा सागवानाचा तुकडा, कडा गोल केलेल्या. आत सेलसाठी आरपार भोक, तळाशी तांब्याची पट्टी, बाजूला पितळी बटण. अजेयची पटाशी कुठे थांबली आणि अण्णांची कुठे सुरू झाली, ते लगेच कळत होतं. अण्णांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. सुतारकामाचं हत्यार त्यांनी कधी हातात धरलं नव्हतं. पावसाळ्यात चौक गावाजवळ ट्रकने त्यांच्या मुलाच्या, अजेयच्या मोटरसायकलला उडवलं आणि तो गेला, त्यानंतर ते नुसतेच या गॅलरीत त्याच्या हत्यारांपाशी येऊन बसायचे. मग कधीतरी त्यांनी कानस उचलली. डाव्या अंगठ्यावर अजून चिकटपट्टी होती.

"बटणाखाली स्प्रिंग कुठली घातलीत, काका?"

"पेनातली. चालेल ना?"

"चालेल. काका, पण ही बॅटरी नाहीये."

"मग?"

स्वराजने खिशातून रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढली. काच आणि स्टीलची इवलीशी टाकी, वर तोंडात धरायची नळी. आत तपकिरी द्रव होता.

"हे वर बसतं. तुम्ही फोनवर सांगितलंत तेव्हाच माझ्या लक्षात आलं. बटण दाबलं की आतली तार तापते, अर्काची वाफ होते. ती ओढायची. व्हेप म्हणतात याला."

अण्णांचा चेहरा कडक झाला. "म्हणजे सिगारेटच."

"सिगारेट सोडायला करत होता, काका."

"सोडायची तर सोडायची. त्यासाठी करवत कशाला लागते?"

"हात रिकामे राहिले की तलफ येते, म्हणायचा. म्हणून हे लाकडाचं खूळ. सगळं हातानेच करायचं ठरवलं होतं त्याने. मशीन नको म्हणाला, मशीनवर लगेच संपेल." स्वराज हातातल्या डबीकडे बघत बोलत होता. "तुमच्यासाठी सोडत होता."

"माझ्यासाठी? मला कधी बोलला नाही."

"मला म्हणाला होता, मी जवळ येऊन बसलो की अण्णा उठून जातात. वास सहन होत नाही त्यांना. त्यांनी नुसतं बसून राहावं, एवढंच हवंय."

अण्णांनी गॅलरीचा कठडा धरला. खाली रिक्षावाले शेअरच्या सीटसाठी ओरडत होते.

"त्याची सुटली होती का?" त्यांनी विचारलं.

"शेवटी शेवटी, हो. हे तयार होईपर्यंत ही टाकी माझ्या व्हेपवर लावून ओढायचा. सिगारेट नाही."

शेवटी शेवटी. अण्णांना ती संध्याकाळ आठवली. अजेय अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून हॉलमध्ये आला होता, त्यांच्या शेजारी सोफ्यावर बसला होता. काहीतरी सांगायला त्याने तोंड उघडलं होतं. आणि अण्णा पेपर घेऊन उठले होते. नाकाला काहीही जाणवलं नव्हतं. सवयीने उठले होते.

"बसव ते," अण्णा म्हणाले.

"काका, राहू दे. त्रास होईल तुम्हाला."

"बसव म्हणतो ना."

स्वराजने सोबत आणलेला सेल आत सरकवला, टाकी आट्यांवर फिरवून घट्ट केली. "फार वेळ दाबून ठेवू नका. तापतं."

अण्णांनी बटण दाबलं. पेनातल्या स्प्रिंगने नीट काम केलं. आत बारीक चुरचुर झाली. त्यांनी ओढलं आणि खोकल्याने वाकले. डोळ्यांत पाणी आलं. पांढरी वाफ गॅलरीतून मागे हॉलमध्ये शिरली.

आत स्वयंपाकघरात लाटण्याचा आवाज थांबला.

अजेयची आई, सुचेताताई दारात आल्या. हात पिठाने भरलेले. त्यांनी अण्णांकडे पाहिलं नाही, स्वराजकडे पाहिलं नाही. हॉलच्या मधोमध उभ्या राहून त्या नुसत्या श्वास घेत होत्या.

"पान," त्या म्हणाल्या. "गुलकंदाचं."

"काकू, ते याच्यातलं..." स्वराजने डबीकडे बोट दाखवलं. "त्याची टाकी आहे ही. त्याला हाच वास आवडायचा."

"रोज पान खाऊन येतोस म्हणून रागवायचे मी त्याला. दात लाल होतील म्हणायचे. नुसता हसायचा. दात कधी लाल झालेच नाहीत, आणि मला कळलंही नाही." त्यांनी पिठाचे हात पदराला पुसले. "त्याचे सगळे शर्ट धुऊन टाकले हो मी. तेराव्याच्या आधीच. पाहुणे येणार म्हणून. एकसुद्धा ठेवला नाही."

अण्णा गॅलरीतून आत आले आणि सोफ्यावर बसले. त्या त्यांच्या शेजारी बसल्या, अगदी खेटून. लग्नाला इतकी वर्षं झाली, परक्या माणसासमोर त्या अशा कधी बसल्या नव्हत्या. त्यांनी डोळे मिटले.

"अहो, अजून एकदा सोडा."

अण्णांनी नळी ओठांत धरली. या वेळी खोकला आला तो त्यांनी छातीतच दाबून धरला आणि वाफ हळूहळू सोडली.

स्वराजने आत येऊन हॉलमधला पंखा बंद केला.