चार बटणं

"नेलं, आणलं, फाटलं, हरवलं. बटणांवरचे हे चारही शब्द माझे आहेत," वाचनालयांसाठी सॉफ्टवेअर बनवणारे खांबेटे कोर्टात ठासून म्हणाले. ज्या मुलीवर त्यांनी दावा लावला होता, तिने आपल्या सॉफ्टवेअरचा आतला कोड स्वतः लिहिला होता. बटणं मात्र हीच ठेवली होती.

खांबेट्यांच्या बाजूने साक्षीला निवृत्त ग्रंथपाल शकूताई उभ्या राहिल्या.

"हे शब्द कुणाला सुचले?" वकिलांनी विचारलं.

"यांनाच," शकूताई खाली बघत म्हणाल्या.

खांबेट्यांना ताईंचं जुनं रजिस्टर आठवलं. ताईंनी हाताने आखलेले चार रकाने, अन् त्यांवर हेच शब्द. ताईंशेजारी बसून खांबेट्यांनीच ते उतरवून घेतले होते.

ते उठले. "साहेब, ताई माझ्यासाठी खोटं बोलतायत. शब्द त्यांचे आहेत. मी फक्त आतला कोड लिहिला, या मुलीसारखाच."