हलक्या झोपेचे इंग्रजी शब्द

कंपासपेटी खणकन फरशीवर पडली आणि बाळाला पाजता पाजता नुकताच लागलेला माझा डोळा उघडला.

"सॉरी आई. पण आता उठलीसच तर बघ ना," म्हणत दुसरीतली वल्लरी वही घेऊन कुशीत शिरली. घरात कोण कसं हलकं झोपतं ते बघून त्याचे इंग्लिश वर्ड्स लिहायचे, असा होमवर्क होता.

पान जवळजवळ भरलं होतं. बाबा मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून झोपतात, तो पॉवर नॅप. आजोबा सुलतान बाजारहून येताना ऑटोत शेजारच्याच्या खांद्यावर मान टाकतात, तो डोझ. आजी टीव्हीसमोर घोरते आणि हलवलं की "नुसते डोळे मिटलेत गं" म्हणते, तो स्नूझ. बाळाचा तर कॅट नॅप.

"हौ, मस्त लिहिलंयस," मी म्हटलं. बाळाचं पिऊन होईपर्यंत पुन्हा डोळा लागायला अजून पाच मिनिटं हातात होती. "झालं ना मग?"

"नाही, तुझी झोप राहिलीये."

 

वल्लरीने पेन्सिल वहीवर टेकवली. "आई, आजी म्हणते, तू दुपारभर नुसत्या झोपा काढतेस. झोपा काढण्याला इंग्लिशमध्ये काय म्हणतात?"