नावाचे टाके

दुपारच्या शांततेत कात्री कच्‌कन वाजली आणि सुनेची नुकतीच लागलेली डुलकी मोडली. सासूबाई नातीचा मिरवणुकीचा पोशाख मांडीवर घेऊन बसल्या होत्या. उद्या बंडाच्या सेनापतींच्या नावाने पहिलीच सरकारी सुट्टी होती. ते तारणहार की खाटीक, यावरून गल्लीत अजून हमरीतुमरी चालली होती. सासूबाईंच्या लहानपणी सेनापतींची फौज याच रस्त्याने गेली होती, पण त्याबद्दल सासूबाईंनी कधी चकार शब्द काढला नव्हता. सुट्टी जाहीर झाल्यापासून तर त्या नातीशीही धड बोलत नव्हत्या.

आज मात्र लाल दोऱ्याने त्या नातीचं नाव शिवत होत्या. चला, राग निवळला म्हणायचा! सुनेला बरं वाटलं.

"अहो आई, कपडे हरवतील म्हणून एवढा खटाटोप?"

"कपडे हरवू देत गं. पोर सापडायला हवी," सासूबाई गाठ मारत म्हणाल्या.

सुनेची लेक पोशाख उलटासुलटा करून बघत होती.

"आई, मी तर एकच आहे ना? मग प्रत्येक बाहीवर, प्रत्येक मोज्यावर, टोपीच्याही आत माझं नाव कशाला?"