नडीची भिशी

“तिसऱ्यांदा?” गोजरबाई उठून उभी राहिली. “सलग तिसऱ्या महिन्याला केराबाईच?”

चर्चच्या ओसरीवरच्या बायकांनी माना वळवल्या. पाळकांच्या पत्नी रंभाबाई यांनी पैशांचा रुमाल केराबाईपुढं सरकवला होता. तो अर्ध्यातच राहिला.

गिरणीमागच्या चाळीतल्या ख्रिस्ती बायकांची ही भिशी इतरांसारखी नव्हती. चिठ्ठ्या टाकणं हाही जुगारच, असं पाळकसाहेबांनी सांगितल्यापासून चिठ्ठ्या बंद झाल्या. जिला नड असेल तिनं ती रंभाबाईंच्या कानात सांगायची. ज्या नडीला रंभाबाई मोठी म्हणतील, तिला पैसे. नड दुसऱ्या कुणाला कळायची नाही. बारा जणी, प्रत्येकीचा दीड रुपया. पगाराच्या दिवशी दुपारी, नव्या पगाराला हात लागण्याआधी, मागच्यातून राखलेले पैसे आणायचे.

गोजरबाईनं आजवर कधी मागितलं नव्हतं. काटकसर तिच्याकडून शिकावी, असं सगळ्याच म्हणत. नवरा कोंडीबा गिरणीत विणकर. पगार आला की पहिला देवाचा दहावा वाटा बाजूला, मग जोंधळा, मग भाडं. मंदीमुळं ईस्टरनंतर गिरणीनं पुष्कळ विणकर काढले, तेव्हा कोंडीबा घरी येऊन म्हणाला होता, “आपला नुसता पगार कापला, दोन रुपयांनी.” तेव्हापासून तो अठरा रुपये आणी, तेही अधेल्या-पावल्यांत. गिरणीवालेही हल्ली चिल्लर देतात, असं तो म्हणे. गोजरबाईनं कुरकुर केली नाही. अठराचा दहावा वाटा ती एक रुपया तेरा आणे धरी. थोडा जास्तच होई, पण देवाला कमी नको.

शेजारच्या केराबाईचा नवरा रामहरी त्याच गिरणीत होता. भोंगा झाला की दोघं बरोबरच निघत. खाणारी तोंडं दोन्ही घरांत सारखी. तरी चाळीत केराबाईचं कौतुक जास्त. “बाई असावी तर अशी,” कोंडीबा एकदा जेवताना बोलून गेला होता. तेव्हापासून केराबाईच्या चुलीचा धूरही गोजरबाईच्या डोळ्यांना झोंबू लागला.

मागच्या महिन्यात दोघींचे पैसे आले नाहीत, आणि भिशी पंधरा रुपयांवर थांबली. त्याच दुपारी गोजरबाईनं केराबाईला नवी पेठेत सोनाराच्या दुकानातून बाहेर पडताना पाहिलं. आमच्या पैशावर सोन्याचा डाग करते, हे तिनं तिथंच मनाशी पक्कं केलं.

“मला बी नड हाय,” आता ती म्हणाली. “आन् मी माझी उघड सांगते. विजयमालाच्या वसतिगृहाची फी आज भरली न्हाय, तर पोरीची जागा जाती. आता हिनं हिची सांगावी.”

“गोजरबाई, खाली बसा,” रंभाबाई म्हणाल्या. “नड विचारायची नाही, हे आपणच ठरवलंय. तुमच्या भल्याचं सांगते.”

“माझं भलं मी बघीन की. ही सोनाराकडं गेलती का न्हाय, एवढंच इचारा.”

सगळ्यांच्या नजरा केराबाईकडं वळल्या.

“गेलते,” केराबाई म्हणाली.

“बगा!”

“कशाला गं?” कोपऱ्यातून गंगम्मानं विचारलं.

केराबाईनं पदर कानांवरून पुढं ओढून घेतला. “ते नगा इचारू.”

“आमी मूठमूठ जोंधळा राखून पैका आणायचा,” गोजरबाईचा आवाज चढला, “आन् हिनं कानात कुजबुजून न्यायचा!”

“कुजबूज लई गोड असंल,” गंगम्मा म्हणाली. दोघी-तिघी हसल्या.

रंभाबाई काही बोलणार, तोच केराबाईनं त्यांचा हात दाबला. “ऱ्हाऊ द्या बाई. तुमी कुणाला कायबी सांगू नका.” तिनं रुमाल उचलला आणि गोजरबाईच्या हातात ठेवला. “घे. पोरीला शिकीव.” मग जरा थांबून ती हळू आवाजात म्हणाली, “पर सांजच्याला कोंडीबा भाऊजींस्नी कायबी बोलू नगंस.”

“माझ्या नवऱ्याचं नाव तुझ्या तोंडात कशाला?”

केराबाई पदर सावरत ओसरी उतरली.

गोजरबाई तडक वसतिगृहात गेली. सगळे पैसे मोजून दिले, पावती घेतली. येताना तिची मान ताठ होती. विजयमाला शिकून मास्तरीण होणार होती. केराबाईचं ढोंगही आता चाळीला कळलं होतं. घरी जोंधळ्याचं मडकं तळाला लागलं होतं, पण त्याची काळजी नव्हती. आज पगार होता.

संध्याकाळी भोंगा झाला. रामहरी घरी आला. त्याच्या मागोमाग कोंडीबाही त्याच्याच घरात शिरलेला तिनं पाहिला. बराच वेळ झाला. भिंतीपलीकडून आधी केराबाईचा आवाज आला, मग कोंडीबाचा. स्वतःचं घर टाकून याला तिथं एवढं काय काम? गोजरबाईनं चुलीतलं लाकूड जोरानं आत सारलं.

अखेर तो दारात आला.

“झाल्या गप्पा?” ती म्हणाली. “आणा हिकडं पगार. आदी देवाचं काढते, मग जोंधळ्याला पळते. पीठ संपलंय.” तिनं हात पुढं केला.

कोंडीबानं टोपी काढली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.

“केराबाई म्हणत्यात,” तो खाली बघत बोलला, “ह्या महिन्याचा माझा पगार तू दुपारीच घेऊन गेलीस.”