सोमवारची सोय

सासूबाई गुपचूप लेकीला पैसे पुरवतात, या संशयापायी सुनेने ऑफिसात बसल्या बसल्या त्यांचं खातं उघडून पाहिलं. पैसे देण्याघेण्याच्या ॲपच्या कंपनीत ग्राहकांची माहिती सांभाळायची, हीच तर तिची नोकरी. हाती लागलं काय, तर विजेचं बिल आणि गुडघ्यांचं तेल! कर्मचाऱ्याने खातं उघडलं की ग्राहकाला लगेच कळवायचं, ही नवी सोय सोमवारपासून येणार, या भरवशावर तिने हे धाडस केलं होतं. पण सोय त्याच दिवशी, शुक्रवारीच चालू झाली.

संध्याकाळी सासूबाई मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आल्या. "अगं, तुमच्यातल्याच कुणीतरी आज माझं खातं उघडून बघितलंय म्हणे."

"नेहमीची तपासणी असते हो, आई." सून पाठमोरीच भांडी विसळत राहिली.

"असेल बाई. पण चौकशी हवी का, असं विचारताहेत. उगाच बघितलं असेल, तर कामावरून काढणार म्हणे. दाबू 'हो'?"

नळ नुसताच वाहत होता.

शेवटी सासूबाईंनीच 'नाही' दाबलं. "जाऊ दे. तिची नोकरी गेली, तर आपलं घर कुणी चालवायचं गं?"