अठरा उंबऱ्यांचा शेजार

"घर घेताना माणसानं भिंती बघू नयेत, शेजार बघावा," केसरीनाथनं ओट्यावर जमलेल्या अठरा जणांना गंभीरपणे सांगितलं, आणि अठराही माना एकदम हलल्या.

स्वतःचा बंगला बांधताना त्यानं फक्त भिंतीच बघितल्या होत्या. शेजार तेव्हा भरपूर होता, त्यामुळं बघायचं सुचलं नव्हतं. पुढं चार-पाच वर्षांत भिवंडीच्या वेशीवरच्या त्या गावात एकेकानं शेती गोदामवाल्यांना दिली (पहिला मान केसरीनाथचाच), आणि एकेक जण ठाण्याला नाहीतर कल्याणला ब्लॉक घेऊन निघून गेला. आता, म्हणजे २००७ साली, बंगल्याच्या उजवीकडं शाम्पू राहत होता, डावीकडं टीव्हीचे खोके आणि मागं टायर. संध्याकाळी शटरं पडली की केसरीनाथ आणि रखवालदाराचा कुत्रा एवढीच वस्ती उरायची. बायको, राहीबाई, जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा धनेश ठाण्याला सोळाव्या मजल्यावर. तिथं केसरीनाथ महिनाभर राहून आला होता. एकदा त्यानं समोरच्या दाराची बेल वाजवून "जेवलात का?" म्हणून विचारलं. संध्याकाळी सोसायटीच्या सेक्रेटरीनं सूनबाईला बोलावून घेतलं.

म्हणून करंजबेट. खाडीच्या मधोमध, होडीनं दहा मिनिटांवर. अठरा उंबरे, एक देऊळ, एक विहीर. सावळारामचं घर विकायला निघाल्याचं कानावर आलं आणि केसरीनाथनं निरोप धाडला. उलट निरोप आला की रविवारीच या, आधी नको. बेटाची रीत तशी होती. घराचा सौदा गावकीसमोरच व्हायचा. दर उंबऱ्याचा कर्ता माणूस हजर हवा, एक जरी कमी पडला तरी सौदा मोडला. आपल्यासाठी एवढी माणसं जमणार, याचंच केसरीनाथला अप्रूप.

आणि माणसं होती. कर्त्यांबरोबर त्यांची बायकापोरंही होती. चुली पेटल्या होत्या. पोरं विहिरीभोवती पकडापकडी खेळत होती. बायका पायरीवर कोळंबी सोलत होत्या. कमळा नावाच्या म्हातारीनं न विचारता हातात चहा दिला. तेवढ्यात एका घरातून हाक आली, "मीठ हाय काय गो?" पलीकडून उत्तर आलं, "न्हाय गो, मीच मांगनार होती." हाक तशीच पुढं पुढं सरकत गेली आणि शेवटी सावळारामच्या घरातून एक वाटी मीठ निघालं. ते चार घरांत वाटून घेतलं गेलं. केसरीनाथच्या गावात मीठ शेवटचं कुणी कधी मागितलं होतं, ते त्याला आठवेना. घर त्यानं धड आतून पाहिलंही नाही.

"शेठ, कायम ऱ्हानार ना?" कमळानं विचारलं.

"कायम."

"म्हंजे गनपतीपुरतं न्हाय?"

"बारा महिने, आजी. हाडं इथंच टाकणार."

ओट्यावर समाधानाची लाट फिरली. देवळातला दिवा रोज शेठनंच लावावा, असं एकमतानं ठरलं. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी एवढा मान. केसरीनाथ खाली बघत राहिला.

"सावळाराम, असला शेजार सोडून जातोस कसा रे?" त्यानं सही करता करता विचारलं.

सावळारामनं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली. "पोरगी बोलवते, डोंबिवलीला. सांगते, लिफ्टमदी मानसं भेटतात."

यावर केसरीनाथ मनापासून हसला. दुसरं कुणी हसलं नाही.

"आपल्या कुटुंबासाठी बेटावर घर घेतलं," त्यानं धनेशला फोनवर सांगितलं. "चार खोल्या आहेत. नातवंडांना वेगळ्या, भाविकला एक, पूर्वीला एक."

"तिकडं रेंज येते का, बाबा?"

"माणसं येतात."

"बघू मग," धनेश म्हणाला. "दिवाळीत."

तरी केसरीनाथ खट्टू झाला नाही. आता त्याला धनेशची वाट बघत बसायचं नव्हतं. बुधवारी सकाळी त्यानं लडकूच्या होडीत पलंग, फ्रीज आणि पेढ्यांचे सतरा पुडे चढवले. नवं घर घेतलं की दारोदार तोंड गोड करायचं असतं. बेटावर उतरल्यावर लडकू सामान उतरवायला लागला आणि केसरीनाथ पेढे घेऊन निघाला.

पहिल्या घराला कुलूप होतं. दुसऱ्यालाही. कामाला गेले असतील, त्यानं मनाशी म्हटलं. नवव्या घरापर्यंत तो हेच म्हणत राहिला. कमळाच्या दाराला तर दोन कुलुपं होती. सतरावं दार बघून तो देवळाला वळसा घालून परत आला. एका पुड्याचाही दोरा सुटला नव्हता.

"माणसं कुठं गेली रे?"

"कंची?" लडकूनं विचारलं.

"रविवारी होती ती."

"ती व्हय. ती रविवारीच सांजच्याला सोडली मी. चार खेपा झाल्या. कोन कल्यानला, कोन ठान्याला, दोन घरं तर पार विरारला हायेत. सौद्याला यावंच लागतं ना, रीत हाय. आता गनपतीला येतील, दीड दिवस."

"सतराच्या सतरा?"

"लय वर्सं झाली, शेठ."

केसरीनाथ ओट्यावर बसला. पेढे मांडीवर ठेवले. होडीतलं सामान संपलं होतं. लडकूनं दोर सोडला आणि वल्हं हातात घेतलं.

"मग इथं बारा महिने राहतं कोण?"

"सावळाराम ऱ्हायचा," लडकू म्हणाला. "आता तुमी."